ससूनच्या दगडी इमारतीतला वारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत 'ससूनला नेलंय' एवढे दोन शब्द कुणी सांगितले, की ऐकणारा पुढचे काही विचारत नाही. दुखणे गावच्या डॉक्टरच्या हाताबाहेर गेले आहे, घरात पैसा नाही आणि तरीही माणूस जगेल अशी आशा आहे, हे सगळे त्या दोन शब्दांत येते. आमच्या घरी ते शब्द १९६३ च्या मे महिन्यात आले. मी नऊ वर्षांचा होतो. आमचे गाव पुरंदर तालुक्यात. विहिरीचे काम चालू असताना दरड कोसळली आणि वडिलांचा पाय मांडीत मोडला. बैलगाडीतून सासवड आणि तिथून मोटारीने पुणे, असे त्यांना आणले. पुढचे सात आठवडे ते ससूनच्या जुन्या दगडी इमारतीतल्या एका वॉर्डात होते, पायाला वजन लावून टांगलेले.

आई दिवसभर त्यांच्याजवळ बसे. शाळेला सुट्टी, त्यामुळे मीही तिच्यासोबत. त्या वॉर्डातले आज मला काय आठवते? औषधांचा उग्र वास आठवतो, पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर आठवतात आणि छत आठवते. इतके उंच छत मी तोवर पाहिले नव्हते. चिमण्या एका बाजूने आत येत, वर बसून भांडत आणि दुसऱ्या बाजूच्या झरोक्यातून निघून जात. बाहेर पुण्याचा मे महिना. रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटे. आत फरशीवर पाय ठेवला की गार. आई एकदा वर बघून म्हणाली, "देवळावानी गार हाय बघ."

मोठेपणी मी इंजिनिअर झालो. सार्वजनिक बांधकाम खात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे सरकारी दवाखान्यांच्या इमारती सांभाळण्यात गेली. आईचे ते वाक्य किती नेमके होते हे कळायला मात्र मला फार उशीर लागला. मधल्या काळात माझ्या हातून एक चूकही झाली. ती पुढे सांगणारच आहे. आधी इमारतीची गोष्ट.

आईची अशी समजूत होती की ससून हे कुणी मोठे साहेब डॉक्टर असावेत. तसे नव्हते. डेव्हिड ससून हे व्यापारी. जन्म १७९२ चा, बगदादचा. घराणे तिथल्या ज्यू समाजातले प्रतिष्ठित. पण तिथल्या पाशाची मर्जी फिरली, ज्यूंचा छळ सुरू झाला आणि ससून कुटुंबाला बगदाद सोडावे लागले. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशायर बंदरात काही काळ काढून १८३० नंतरच्या सुमारास ते मुंबईला आले आणि पुढच्या तीस वर्षांत मुंबईतल्या सर्वांत धनाढ्य माणसांत गणले जाऊ लागले. १८५३ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले, तेव्हा कागदावर सही केली ती हिब्रू लिपीत.

पैसा आला कापसातून, कापडातून आणि चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापारातून. हे लपवण्यासारखे नाही आणि विसरण्यासारखेही नाही. ज्या पैशाने पुण्यात रोगी बरे झाले, त्याच पैशाच्या वाटेवर चीनमध्ये माणसे व्यसनाने खंगली. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या कितीतरी देणग्यांच्या मुळाशी हा व्यापार आहे. इमारतीचा इतिहास सांगताना कोनशिलेवरची नावे सांगायची आणि एवढे वाक्य गाळायचे, हे मला बरे वाटत नाही.

आता मुंबईचा हा व्यापारी पुण्यात कसा? तर पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्याला असे. सरकार आले की बडे व्यापारीही येत, कॅम्पाच्या बाजूला बंगले बांधत. ससूनही आले. १८६३ मध्ये त्यांच्या देणगीतून पुण्यात दोन बांधकामे सुरू झाली. एक ज्यूंचे प्रार्थनामंदिर, ज्याला आपण पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतो, आणि दुसरे हे रुग्णालय. रुग्णालयाच्या खर्चाचा मोठा वाटा ससून यांचा, बाकीचा सरकारचा. पण दोन्हींपैकी एकही पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. १८६७ मध्ये देऊळही पुरे झाले आणि रुग्णालयही.

आणखी एक गोष्ट. या दोन्ही इमारतींचे आराखडे एकाच माणसाचे. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स हे त्याचे नाव. लष्करी इंजिनिअर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची इमारत त्याची, मुंबईचे जुने सचिवालय त्याचे आणि त्याच रांगेतले आमच्या बांधकाम खात्याचे गॉथिक कार्यालयही त्याचेच. तेव्हा आईला वॉर्डात देवळाची आठवण झाली यात काही नवल नव्हते. लाल विटांचे देऊळ आणि करड्या दगडाचा दवाखाना एकाच हाताने, एकाच वेळी कागदावर उतरवले होते.

पण दवाखाना देवळासारखा का बांधावा? याचे उत्तर त्या काळच्या वैद्यकात आहे.

१८६३ साली रोगजंतू ही कल्पना डॉक्टरांच्या गळी उतरलेली नव्हती. रोग होतो तो दूषित हवेने, असे बहुतेक जाणकार मानत. कुजलेले पाणी, सांडपाणी, दाटीवाटीने राहणारी माणसे यांतून एक विषारी वाफ उठते आणि ती श्वासातून शरीरात जाते, असा सिद्धान्त होता. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की मलेरिया डासांमुळे होतो आणि पटकी पाण्यातून येते. म्हणजे सिद्धान्त चुकलेला होता.

या चुकलेल्या सिद्धान्तावर विश्वास ठेवणारी एक फार हुशार बाई होती, फ्लॉरेन्स नाइटिंगेल. दिवा घेऊन फिरणारी परिचारिका एवढीच तिची ओळख आपल्याला पाठ्यपुस्तकातून होते. प्रत्यक्षात ती आकडेवारीत पारंगत होती आणि इमारतींचे नकाशे बारकाईने तपासत असे. क्रिमियाच्या युद्धात तिने पाहिले होते की सैनिक जखमांपेक्षा इस्पितळात लागलेल्या रोगांनीच अधिक मरतात. १८५९ मध्ये तिने रुग्णालयांच्या रचनेवर पुस्तक लिहिले. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की दवाखान्याने रोग्याचे दुखणे वाढवता कामा नये, एवढी तरी किमान अपेक्षा असावी. वॉर्ड लांबट असावा, त्यात तीसएक खाटा असाव्यात, दोन्ही लांब बाजूंना समोरासमोर खिडक्या असाव्यात, छत उंच असावे आणि एका वॉर्डाची हवा दुसऱ्या वॉर्डात जाऊ नये.

नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण इथल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या कामात त्यांचा फार मोठा हात होता. त्या आयोगाचा अहवाल १८६३ चा, म्हणजे ससूनचे काम सुरू झाले त्याच वर्षीचा. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्यात दर वर्षी हजारी ६९ माणसे मरत, असे त्यात नोंदले गेले. लढाईत कामी येणारे थोडे. बाकीची मरत ती कोंदट बराकींत आणि घाण पाण्याने. अशा वातावरणात एका लष्करी इंजिनिअरला दवाखाना बांधायला सांगितल्यावर त्याने वाऱ्याचा विचार केला नसता तरच आश्चर्य.

आता ती इमारत वाऱ्याची काळजी कशी घेते ते सांगतो. हे मी इंजिनिअर म्हणून सांगतो आहे, पण समजायला अवघड नाही.

पहिली गोष्ट भिंतींची. दख्खनचा काळा दगड आणि चुना. अशा जाड दगडी भिंतीला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो. दुपारचे ऊन भिंतीत शिरते, पण ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर बाहेरचा वारा गार झालेला असतो. पुण्यात रात्री गारवा पडतो, त्यामुळे ही युक्ती इथे उत्तम चालते. मे महिन्यात माझ्या पायाला लागलेली गार फरशी ती हीच.

दुसरी गोष्ट व्हरांड्याची. विलायतेतल्या गॉथिक इमारतीला असा व्हरांडा लागत नाही. इथे तो हवाच. व्हरांडा असला की खिडकीवर ऊन पडत नाही आणि पावसाची झड आत येत नाही. म्हणजे भर पावसाळ्यातही खिडकी उघडी ठेवता येते. पावसाळ्यात चार महिने खिडक्या लावून घ्याव्या लागल्या, तर वॉर्डाचे काय होईल याचा विचार करा. व्हरांडा ही शोभेची जागा नव्हे, ती खिडकीवर धरलेली छत्री आहे.

तिसरी गोष्ट कमानींची. गॉथिक कमान वर टोकदार असते. आपण ती चर्चमध्ये पाहतो आणि समजतो की हा धर्माचा भाग. तसे नाही, त्यात हिशेब आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असते, ती वाढवता येत नाही. टोकदार कमान मात्र हवी तेवढी उंच नेता येते आणि तिचा भार बाजूच्या खांबांना कमी रेटतो. म्हणजे रुंदी तेवढीच ठेवून उंच उघडी जागा मिळते. उंच जागा म्हणजे जास्त उजेड आणि जास्त वारा.

चौथी गोष्ट उंचीची. गरम हवा वर जाते. वॉर्डात तीस माणसे श्वास घेत असतील, तर त्यांची उबदार, वापरलेली हवा छताकडे चढते. तिथे झरोके असतील तर ती बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते. यासाठी वीज लागत नाही, पंखा लागत नाही. रात्री सगळे झोपलेले असतानाही हे काम चालू असते. माझ्या लहानपणच्या चिमण्या ज्या वाटेने ये-जा करत, ती वाट मुळात रोग्यांच्या श्वासासाठी ठेवलेली होती.

गंमत पाहा. ससूनची इमारत पुरी झाली ते साल १८६७. त्याच वर्षी जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेखमाला लिहून सांगितले, की जखमा कुजतात त्या हवेने नव्हे, तर सूक्ष्म जंतूंमुळे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. दूषित हवेचा सिद्धान्त मागे पडला. म्हणजे ज्या शास्त्राच्या आधारावर ही इमारत रचली होती, ते शास्त्र ती उभी राहता राहताच जुने झाले. इमारत मात्र टिकली. सुरुवातीला तिथे दीडशेच्या आसपास रोग्यांची सोय होती. १८७८ मध्ये आवारात बी. जे. मेडिकल स्कूल आले, १९४६ मध्ये त्याचे कॉलेज झाले आणि आज ससूनमध्ये हजाराहून अधिक खाटा आहेत.

या आवाराने पुण्याचा बराच इतिहास पाहिला. १८९७ च्या प्लेगमध्ये शहर हवालदिल झाले होते. सोल्जर घरात शिरून झडती घेत, माणसे उचलून नेत. दवाखाना म्हणजे मरणाचे दार, ही भीती त्या दिवसांत लोकांच्या मनात घट्ट बसली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. रँडला आणले ते ससूनमध्येच आणि ३ जुलैला तो तिथेच मेला. दवाखान्याच्या भिंती कितीही चांगल्या असल्या, तरी आत आणणाऱ्या हातांवर लोकांचा विश्वास नसेल तर त्या भिंतींचा उपयोग नाही, हेही या इतिहासातून शिकण्यासारखे आहे.

दुसरी घटना १९२४ ची. महात्मा गांधी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. ॲपेंडिक्सचा विकार बळावला म्हणून १२ जानेवारीला त्यांना ससूनमध्ये हलवले. मुंबईहून त्यांच्या विश्वासातले डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. गांधीजींनी इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक यांच्यावर विश्वास टाकला आणि श्रीनिवास शास्त्री यांच्या समक्ष संमतीच्या कागदावर सही केली. रात्री शस्त्रक्रिया चालू असताना वादळी पाऊस आला आणि वीज गेली. हातातली बॅटरीही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी झाली. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधीजींची सुटका केली. ती खोली आजही स्मारक म्हणून जपलेली आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या आवारात प्लेग कमिशनरने प्राण सोडला, त्याच आवारात एक कैदी आपल्याला कैदेत टाकणाऱ्या सरकारच्या डॉक्टरच्या हाती निःशंकपणे स्वतःला सोपवतो, ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

१९८८ ची गोष्ट. मी उपअभियंता होतो. एका जिल्ह्याच्या गावी (नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता) इंग्रजी अमदानीतला एक दगडी दवाखाना माझ्या ताब्यात होता. ससूनहून पुष्कळ लहान, पण त्याच वळणाचा. उंच छत, वर झरोके, बाजूने व्हरांडा. तक्रारी तीन. झरोक्यांतून कबुतरे येतात आणि घाण करतात. छताची धूळ खाटांवर पडते. आणि जागा पुरत नाही. तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. मी अंदाजपत्रक केले, मंजुरी आणली आणि काम केले. झरोके विटांनी बुजवले. दहा फुटांवर खोटे छत टाकले. व्हरांड्याला पत्रा आणि काचा लावून त्यात सामानाची खोली काढली. भिंतींचा जुना चुन्याचा गिलावा फुगला होता, तो काढून सिमेंटचा केला. वर ऑइल पेंट. उद्घाटनाला आमदार आले. वॉर्ड नवा कोरा दिसत होता. माझे कौतुक झाले.

काम चालू असताना त्या वॉर्डातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. वीस-बावीस वर्षे रात्रपाळी केलेली बाई. म्हणाल्या, "साहेब, वरची भोकं नका बुजवू. रातीचा वास तिथनंच जातो." मी म्हणालो, "मावशी, आता पंखे लावतोय ना." त्या काही बोलल्या नाहीत. पंखा हवा हलवतो, पण बाहेर घालवत नाही, हे मला इंजिनिअर असून सुचले नाही आणि शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईंना ठाऊक होते.

दोन वर्षांनी पाहणीला गेलो. दारातच वासाने थबकलो. सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल अडकली होती. दगडी भिंत चुन्यातून श्वास घेते, तिच्यात आलेली ओल हळूहळू बाहेर जाते. सिमेंटने ती वाट बंद होते. भिंतीला कमरेइतका लोणा लागला होता, रंगाचे पापुद्रे सुटले होते. खोट्या छताच्या वर उंदीर झाले होते. आणि त्या बंद हवेत खोकणारी माणसे ओळीने झोपलेली होती. मी छत्तीस वर्षांत बरीच कामे केली, काही पूल बांधले, रस्ते बांधले. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला आठवतो तो हा वॉर्ड.

त्या वॉर्डात माझ्या कामामुळे कुणाला काही झाले असे मी म्हणत नाही. तसे कुणी मोजले नाही. पण दुसरीकडे मोजले गेले आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या लिमा शहरात डॉक्टरांच्या एका गटाने आठ रुग्णालयांतल्या सत्तर खोल्या तपासल्या. कार्बन डायऑक्साइड वायू सोडून, तो किती वेळात निघून जातो यावरून तासाभरात खोलीतली हवा किती वेळा बदलते हे त्यांनी मोजले. २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत तासाला चाळीस वेळा हवा बदलत होती. खिडक्या असलेल्या पण नव्या पद्धतीच्या खोल्यांत सतरा वेळा. आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या बंद खोल्यांत बारा वेळा. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला, की औषधोपचार सुरू न झालेल्या क्षयरोग्यांसोबत चोवीस तास काढले तर किती जणांना लागण होईल. यंत्राच्या खोलीत शंभरात एकोणचाळीस. नव्या खिडकीच्या खोलीत तेहतीस. जुन्या उंच खोलीत अकरा.

श्रोतेहो, जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. हा रोग हवेतून पसरतो. म्हणजे नाइटिंगेलबाई आणि विल्किन्ससाहेब यांचे कारण चुकले होते, उत्तर मात्र चुकले नव्हते. हवा स्वतः विषारी नसते, पण ती विष वाहून नेते. २०२० मध्ये करोना आला तेव्हा सुरुवातीचे कितीतरी महिने आपण हात धूत होतो, दाराच्या कड्या पुसत होतो आणि खिडक्या बंद करून बसत होतो. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो हे जगाच्या गळी उतरायला वर्ष उलटून गेले.

आता कुणी म्हणेल, तुम्ही म्हातारी माणसे, तुम्हाला जुने तेवढे सोने. तसे नाही. जुन्या दगडी दवाखान्याच्या अडचणी मी कुणाहूनही जास्त जाणतो. संडास दूर असतात. लिफ्टला जागा नसते. विजेच्या तारा भिंतीवरून लोंबतात. कौलारू छप्पर दर उन्हाळ्यात चाळावे लागते. तीस खाटांच्या वॉर्डात रोग्याला आडोसा नसतो, बाळंतिणीचे तर फारच हाल होतात. शस्त्रक्रियेची खोली, अतिदक्षता विभाग यांना गाळलेली हवा लागतेच, तिथे उघडी खिडकी चालणार नाही. तेव्हा नव्या इमारती हव्यात, यंत्रेही हवीत.

माझे म्हणणे एवढेच आहे, की जुन्या इमारतीला हात लावण्याआधी ती काय करते आहे ते विचारावे. झरोका कशासाठी आहे? व्हरांडा कशासाठी आहे? जे आपल्याला रिकामी जागा वाटते, ती कामावर असते. आणि नवा दवाखाना बांधतानाही हा धडा लागू पडतो. वीज महाग आहे, ती जाते, यंत्रे बंद पडतात, दुरुस्तीची फाइल महिनोन्महिने फिरते. अशा वेळी सामान्य वॉर्डात रोग्याला वाचवणारी पहिली गोष्ट म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्या. त्या नकाशातच ठेवल्या तर मागाहून काही करावे लागत नाही. नकाशात विसरल्या तर मागाहून काही करता येत नाही.

आपणही, श्रोतेहो, कुणाला भेटायला दवाखान्यात जाल तेव्हा क्षणभर वर बघा. झरोके उघडे आहेत का? व्हरांड्यात कपाटे रचून खिडक्या बंद केल्या आहेत का? दिसले तर तिथल्या सिस्टरना, डॉक्टरांना जरूर विचारा. त्यांनाही मोकळी हवा हवीच असते. रोगी आठ दिवसांत घरी जातो, ते वर्षानुवर्षे त्या हवेत काम करतात.

शेवटी त्या दवाखान्याचे काय झाले ते सांगतो. निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना, २०१० मध्ये, योगायोगाने तो जिल्हा पुन्हा माझ्या अखत्यारीत आला. लिमाचा तो अभ्यास तोवर माझ्या वाचनात आला होता. मी स्वतःच्याच कामाविरुद्ध टिपण लिहिले. वरच्या साहेबांनी विचारले, "हे खोटे छत टाकले कोणी होते?" मी म्हणालो, "मीच." ते हसले आणि सही केली. खोटे छत काढले. झरोके उघडले. व्हरांडा मोकळा केला. सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला. चुन्याचे काम येणारा गवंडी शोधायला मात्र तीन महिने लागले.

आणि कबुतरांचे काय? झरोक्यांना जाळी बसवली. कबुतरे बाहेर राहिली, वारा आत आला. हीच जाळी १९८८ मध्ये बसवता आली असती. सबंध अंदाजपत्रकात सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती.

त्या मावशींचा मी शोध घेतला. त्या कधीच निवृत्त झाल्या होत्या आणि मी पोचण्याआधी चार वर्षे वारल्या होत्या. त्यांना सांगायचे राहिले. म्हणून आज आपल्याला सांगितले.